माळ, सागवान आणि वणवा : नांदेडच्या दोन डोंगरांचा इतिहास

नायगाव हे नांदेड–देगलूर रस्त्यावरील तालुक्याचे गाव. भोवताली सपाट काळी जमीन, त्यात कापूस, सोयाबीन, थोडी ज्वारी. येथून पश्चिमेस कंधारकडे किंवा नैर्ऋत्येस मुखेडकडे निघालात, की बालाघाटाचे फाटे सुरू होतात, काळी माती मागे पडते आणि मुरमाड माळ लागतो. हिवाळ्यात त्यावर पिवळे गवत उभे असते. मधूनच बोर, हिवर, एखादा पळस. याउलट ईशान्येस गोदावरी ओलांडून किनवट–माहूरची वाट धरलीत, तर डोंगरच्या डोंगर सागवानाने भरलेले दिसतात. जिल्हा एकच, आकाश एकच, तरी एका डोंगरावर गवत आणि दुसऱ्यावर सागवान.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे. होळीपासून रोहिणी नक्षत्रापर्यंत दोन्ही डोंगर पेटतात.

आज या धाग्यात याच आगीचा इतिहास पाहू. आगीला इतिहास असतो, हे वाक्य काहींना विचित्र वाटेल. वणवा ही दुर्घटना, फार तर गुन्हा, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. त्याच्याच जोडीला आणखी एक समजूत आपल्या मनात पक्की बसलेली असते : मराठवाड्यात पूर्वी घनदाट अरण्य होते, माणसांनी ते तोडले, गुराख्यांनी जाळले, आणि उरला तो उजाड माळ. ही कथा ऐकायला सोपी आहे, तिच्यात दोषी कोण तेही ठरलेले आहे. परंतु पुरावे तिच्या बाजूने उभे राहत नाहीत.

प्रथम पावसाचे पाहू. २००५ साली महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील शेकडो ठिकाणांची आकडेवारी एकत्र करून ‘नेचर’ या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. वार्षिक पाऊस सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर झाडे किती वाढणार हे मुख्यतः पाणीच ठरवते. पाऊस त्याहून अधिक असेल, तर झाडांचे छत मिटून पूर्ण जंगल होऊ शकते. तसे ते झाले नसेल, तर त्याला कोणीतरी अडवलेले असते. हे अडवणारे दोघे : आग आणि चरणारी जनावरे.

हा आकडा आफ्रिकेचा आहे, तो आपल्या मातीला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपला मुलूख नेमका अशा पट्ट्यात येतो, जिथे जंगल आणि गवत या दोन्ही शक्यता खुल्या असतात. कोणती प्रत्यक्षात उतरेल, हे माती, आग, गुरे आणि नांगर मिळून ठरवतात. पाऊस किनवटच्या बाजूला अधिक, बालाघाटावर माती उथळ; एवढा फरक निसर्गाने केला. उरलेला फरक इतिहासाने केला.

आता गवताचे वय पाहा. उन्हाळी उष्णतेत वाढणाऱ्या ज्या गवतांनी आपले माळ बनले आहेत, ती गवते भारतीय उपखंडात सुमारे सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर पसरली. शिवालिक टेकड्यांच्या प्राचीन मातीतील कार्बनच्या समस्थानिकांवरून हे कळते. त्या वेळी पृथ्वीवर कुऱ्हाड धरणारा मनुष्य नव्हता. जंगल तोडले गेल्यानंतरच गवत आले, हा क्रम सर्वत्र लावता येत नाही.

मनुष्य आला तेव्हा त्याने या गवताशी जुळवून घेतले, आणि गवतालाही स्वतःशी जुळवून घ्यायला लावले. आपल्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणात व उत्तर कर्नाटकात, नवाश्मयुगीन राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. महबूबनगर भागातील उटनूर येथील ढिगाऱ्याचे उत्खनन एफ. आर. ऑलचिन यांनी १९५७ साली केले. ती राख शेणाची निघाली. लाकडी कुंपण घालून कोंडलेल्या गुरांच्या वाड्यात शेण साचत असे आणि ठरावीक काळाने ते पेटवले जात असे. पाच-साडेचार हजार वर्षांपूर्वी दख्खनवर इतकी गुरे होती की त्यांच्या शेणाच्या राखेच्या टेकड्या झाल्या! एवढ्या गुरांना चारा पुरवणारा प्रदेश गर्द अरण्याचा असणे शक्य नाही.

पुण्याजवळच्या इनामगावचे उदाहरणही याच दिशेने जाते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ही वसाहत. तिथल्या हाडांत पाळीव गुराढोरांबरोबर काळवीटही सापडते, आणि काळवीट हा मोकळ्या गवताळ रानाचा प्राणी आहे.

मराठी वाचकाला विशेष आनंद व्हावा असा पुरावा अगदी अलीकडचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रांत, काव्यांत, ओव्यांत आणि लोककथांत विशिष्ट ठिकाणांच्या संदर्भात कोणत्या रानटी वनस्पतींचा उल्लेख येतो, याची त्यांनी नोंद केली. त्यांतील बहुसंख्य वनस्पती विरळ झाडीच्या, काटेरी, गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. त्यांचा अभ्यास मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राचा आहे, मराठवाड्याचा नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातून जी वाट दिसते ती मोलाची आहे. ज्या ग्रंथांकडे आपण केवळ भक्ती आणि भाषा यांसाठी पाहत आलो, त्यांत भूदृश्याचीही नोंद दडलेली आहे. मराठवाड्यातील महानुभाव आणि वारकरी वाङ्मयाचे असे वाचन कोणी हाती घेईल काय? विषय शोधणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

आता आग गवताचे नेमके काय करते ते समजून घेऊ, कारण पुढचा सारा इतिहास या यंत्रणेवर उभा आहे.

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. झाडाचा तसा नसतो. रोपट्याचा शेंडा वरती, ज्वाळेच्या उंचीवर असतो. त्यामुळे आग माळावरून गेली की गवताचे फक्त वाळलेले अंग जळते, झाडाचे रोप मात्र मरते किंवा पुन्हा बुडापासून सुरुवात करते. वाळलेले गवत उभेच राहिले, तर पावसाळ्यात नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि गुरे त्या जून काड्यांना तोंड लावत नाहीत. म्हणून दख्खनच्या अनेक भागांत गुराखी उन्हाळ्यात जुने गवत पेटवून देत. पहिल्या सरीबरोबर कोवळा चारा वर येई.

कुसळी गवत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, निदान तुमच्या पायमोज्यांना तरी नक्की ठाऊक आहे. त्याच्या बियेला असलेले लांब कुसळ दवाने भिजले की पीळ सोडते आणि वाळले की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यामुळे बी गिरमिटासारखे मातीत शिरते. मातीत शिरलेले बी वरून गेलेल्या आगीतून सुखरूप राहते. वारंवार जळणाऱ्या माळावर कुसळीचे राज्य दिसते ते यामुळेच. येथे एक सावधगिरीही नोंदवायला हवी. दरवर्षी, एकाच जागी, भर उन्हाळ्यात आग लागत राहिली तर पवन्यासारखी चांगल्या चाऱ्याची गवते मागे पडतात आणि रान एकसुरी होते. टिटवी, चंडोल यांची अंडी जमिनीवर असतात, तीही जळतात. आगीचे गुणगान करणे हा या धाग्याचा हेतू नाही. कोणती आग, कधी, किती वर्षांनी, आणि कोणाच्या हातची, हे प्रश्न विचारल्याशिवाय ‘वणवा’ या एका शब्दाने काहीच कळत नाही, एवढेच म्हणणे आहे.

या माळाने आपल्याला काय दिले, हे पाहायचे तर कंधारला जावे. लाल कंधारी हा गोवंश याच परिसरातला. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर हा त्याचा पट्टा. शेजारी लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या बाजूला, देवणी. दोन नामांकित गोवंश इतक्या जवळजवळ निर्माण होतात, याचा अर्थ पिढ्यानुपिढ्या निवडक पैदास करण्याइतका चारा तिथे होता. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षातील यात्रा आजही जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाते. यात्रेत जनावरांचा इतका मोठा मान का, याचे उत्तर भोवतालच्या माळात आहे.

माळावर फक्त गावची गुरे चरत नव्हती. धनगरांची मेंढरे ऋतूप्रमाणे फिरत. बंजारा तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन पार करीत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. एवढ्या बैलांना मुक्कामागणिक चारा लागे. तोच प्रश्न फौजांचा. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, हे आपण सारे वाचतो; दोन्ही बाजूंची घोडदळे त्या दिवसांत काय खात होती, हे कोणी विचारत नाही. फेब्रुवारी म्हणजे गवत वाळून उभे असण्याचे दिवस. मराठी राज्यात घोड्यांसाठी कुरणे राखली जात ती उगाच नव्हे. कुरण म्हणजे राखलेली, हिशेबातली, मोल असलेली जमीन.

मग ही जमीन ‘पडीक’ कधी झाली?

पहिल्या सालारजंगांनी १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे हैदराबादची दिवाणगिरी केली. त्यांच्या सुधारणांत मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी सुरू झाली. मोजणीचा उद्देश महसूल हा होता. जी जमीन नांगराखाली येते तिच्यावर आकार बसतो. जी येत नाही तिला आकार नाही. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराब’ हा शब्द तुम्ही पाहिला असेल. लागवडीस अयोग्य, म्हणून खराब. त्या ‘खराब’ तुकड्यावर कोणाची शेळी जगते, कोणाच्या घरावर तिथले गवत शाकारले जाते, याला मोजणीच्या कागदात रकाना नव्हता. गावाचे गायरान राहिले, पण सरकारच्या दृष्टीने ते रिकाम्या जागेसारखे झाले. माझ्या मते मराठवाड्याच्या माळाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना कोणतीही आग नसून हा महसुली शब्द आहे.

आता दुसऱ्या डोंगराकडे वळू.

किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे, पण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी तो आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. (त्याच वेळी नांदेडचा मुधोळ आदिलाबादला गेला. राजुरा नांदेडला आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला.) म्हणून किनवटच्या जंगलाचा इतिहास वाचायचा, तर आदिलाबादच्या गोंड आणि कोलाम समाजांचा इतिहास वाचावा लागतो.

कोलाम डोंगरमाथ्यावर पोडू करीत. थंडीत झाडोरा तोडायचा, उन्हाळ्यात वाळला की जाळायचा, पावसाच्या तोंडावर त्या राखेत काठीने भोके पाडून किंवा कुदळीने उकरून ज्वारी-बाजरीसारखी धान्ये आणि कडधान्ये पेरायची. दोन-तीन वर्षांत जमिनीचा कस उतरला की तो तुकडा सोडून पुढे जायचे. सोडलेल्या तुकड्यावर आधी गवत, मग झुडपे, मग झाडे. एकाच डोंगरावर त्यामुळे वेगवेगळ्या वयाचे रान असे : इथे ताजी राख, तिथे गुडघाभर गवत, पलीकडे वीस वर्षांचे जंगल.

आणि सागवान? सागाचे रोप सावलीत वाढत नाही. त्याला ऊन आणि मोकळी जमीन लागते. त्याची साल आणि बुडातून पुन्हा फुटण्याची ताकद त्याला आगीतून तारून नेते. त्याच्या कठीण कवचाच्या बियांना उष्णतेचा उपयोगच होतो. मोह, तेंदू, पळस हेही आग सोसणारे. म्हणून सागाचे एकसारखे दाट रान पाहिले की ‘हे अस्पर्श अरण्य’ असे म्हणण्याची घाई करू नये. तिथे पूर्वी कोणाचे तरी शेत असण्याची शक्यता असते.

वनखात्याच्या डोळ्यांना मात्र या आगीत इमारती लाकडाची नासाडी दिसली. १८६४ साली ब्रिटिश हिंदुस्थानचे वनखाते डिट्रिच ब्रँडिस यांच्या हाताखाली स्थापन झाले. त्याच दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात आगीपासून राखण करण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. जाळरेषा आखल्या गेल्या, राखणदार नेमले गेले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला. निजामाच्या राज्याने पुढे याच पद्धतीची राखीव जंगले आखली.

गंमत अशी की खुद्द वनाधिकाऱ्यांनाच शंका येऊ लागल्या. ब्रह्मदेशात सागाची जंगले वर्षानुवर्षे आगीपासून राखली, तर त्यात सागाची नवी रोपे येईनात. बांबू आणि इतर झाडोऱ्याने जमीन झाकली गेली. एच. स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात अतिरेकी अग्निसंरक्षणावर लेख लिहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले हे धोरण शिथिल करावे लागले. ज्या आगीला रानटी समजले गेले, तिच्याशिवाय खात्याचे आवडते झाडच उगवत नव्हते.

अधिकाऱ्यांची शंका मासिकात छापून आली. कोलामांची शंका छापण्याची सोय नव्हती.

आदिलाबादच्या डोंगरांत राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा विश्रांतीसाठी सोडलेले पोडूचे तुकडे ‘जंगल’ म्हणून आत घेतले गेले. शेताला दिलेली विश्रांती हीच मालकी नसल्याचा पुरावा ठरली. गावे उठवली गेली, दंड झाले. यातूनच गोंडांचे नेते कोमराम भीम यांचा संघर्ष उभा राहिला. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथीदार मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना त्या भागाचा अभ्यास करण्यास सांगितले. मारलावाई या गोंड गावात राहून त्यांनी जे लिहिले, त्यात राखीव जंगलामुळे विस्थापित झालेल्या गोंड-कोलामांची हकिकत सविस्तर येते. पुढे आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे काम झाले, पण पट्टा मिळतो तो नांगरटीच्या स्थिर शेताला. डोंगरमाथ्यावर फिरणाऱ्या शेताला कोणता गट क्रमांक देणार? कोलामांना नांगर धरावा लागला, नाहीतर मजुरी.

तात्पर्य एवढेच निघत नाही की राज्याने वाईट केले. पोडू वाढत्या लोकसंख्येत तशीच चालू राहिली असती, तर विश्रांतीची वर्षे कमी होत गेली असती आणि डोंगर धुपले असते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु विश्रांतीची वर्षे कमी होण्याचे एक कारण, उरलेला डोंगर खात्याने अडवला, हेही होते.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही डोंगरांच्या वाटा आणखी वेगळ्या झाल्या. सागवान राखीव राहिले. माळ मात्र वाटला गेला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात दलित भूमिहीनांनी गायराने कसायला घेतली. गावात ज्यांना एक गुंठा नव्हता, त्यांना दगड वेचून, मुरूम फोडून ज्वारी पिकवता आली ती याच ‘खराब’ जमिनीवर. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण राज्याने १९९१ मध्ये घेतले. त्यानंतर २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले, आणि कसणाऱ्यांच्या डोक्यावर पुन्हा टांगती तलवार आली.

पर्यावरणाची बाजू घेणाऱ्या आपल्यासारख्यांना इथे अडचण होते, आणि ती टाळू नये. माळ गवताळ राहावा असे म्हणताना, त्याच माळावर पहिल्यांदा जमीनदार झालेल्या माणसाला आपण काय सांगणार? लांडगा, खोकड आणि मेंढपाळ यांचा माळ आणि भूमिहीनाचा माळ एकच आहे. त्या दोघांत भांडण लावून मोकळे होणे सोपे. पण गावचा काळा कसदार भाग कोणाच्या नावावर होता आणि खडकाळ भागच वाटायला का निघाला, हा प्रश्न त्या आधीचा आहे.

आणि आता झाडे. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्र शासनाने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्ष लावण्याची उद्दिष्टे ठरवली. एवढे खड्डे खणायला ‘मोकळी’ जागा हवी, आणि मोकळी जागा म्हटले की पुन्हा नजर जाते ती माळ आणि गायरानाकडे. गिरिपुष्पाच्या रांगा लागल्या की गवत सावलीत विरळ होते आणि रोपांच्या राखणीसाठी मेंढरांना मज्जाव होतो. ज्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तो पक्षी उघड्या माळाचा. झाडी दाटली की त्याला तिथे राहणे नको होते. सालारजंगांच्या काळात नांगर लागत नाही म्हणून माळ रिकामा ठरला, आपल्या काळात झाड दिसत नाही म्हणून.

वणवे थांबले आहेत असेही नाही. पूर्वी ठराविक हातांनी, ठराविक दिवसांत, चाऱ्यासाठी लागणारी आग आता रस्त्याकडेच्या विडीने, बांध जाळताना उडालेल्या ठिणगीने, किंवा मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवून तो विझवायचा राहिल्याने लागते. जिथे चराई बंद झाली तिथे वाळके गवत साचून आग अधिक उंच होते. जिथे काही वर्षे आग गेलीच नाही तिथे घाणेरी माजते. किनवट-माहूरच्या डोंगरांत २००६ च्या वनहक्क कायद्याखाली काही आदिवासींना हक्काचे कागद मिळाले आहेत. जंगल कधी जाळायचे, कुठे राखायचे, याचे ज्ञान मात्र कागदात उतरत नाही. ते ज्यांना होते त्यांच्या दोन-तीन पिढ्या दंड भरण्यात गेल्या.

शेवटी एक विनंती. गट क्रमांक येण्यापूर्वी शिवारातल्या तुकड्यांना नावे होती, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती अजून आहेत : कुरण, रमना, बरड, अमक्याचा माळ, तमकी जाळी. कंधार, मुखेड, नायगाव, अहमदपूर, किनवट, माहूर या भागांतील मित्रांनी आपापल्या गावची अशी नावे आणि तिथे आज काय आहे, ते खाली लिहावे. गवत, शेत, सोलर की गिरिपुष्प, जे असेल ते. पुढच्या धाग्यासाठी ती नावे गटवार नकाशावर मांडून पाहणार आहे.